मालवण-तारकर्लीच्या महागड्या सी-फूड हॉटेलात जेवायचंय: मागवायचं कसं, तोलायचं कसं?

तापीकाठ
राम राम मंडळी. ८ मोठे, ३ मुलं, मोठ्यांपैकी दोघी माळकरी. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, मालवण-तारकर्ली. इतर वेळी खानावळी आहेतच, पण एक रात्रीचं जेवण जरा भारीच्या सी-फूड हॉटेलात करायचं ठरलंय. आमच्याकडे खान्देशात सगळ्यांना मासा कळतो तो हतनूर-गिरणा धरणांतला: रोहू, कटला, मरळ, वाम. खाऱ्या पाण्यातलं ज्ञान बर्फातल्या बांगड्यापुरतं. मेनू पाहिले तर अर्ध्या पदार्थांपुढे दरच नाही, नुसतं 'एपीएस'. मागवायचं काय नि किती, ताजं कसं ओळखायचं, बिलात गफलत कुठे होते, आणि काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेचं तिथे काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस
एपीएस म्हणजे 'ॲज पर साइज'. मासा जेवढा, तेवढे पैसे. दर बहुधा १०० ग्रॅमचा सांगतात आणि पहिली ठेच इथेच लागते. वेटर 'तीनशे' म्हणतो, ऐकणारा ते अख्ख्या माशाचे समजतो. नमुन्यादाखल धरा: १०० ग्रॅमला ३००, पापलेट निघालं ५५० ग्रॅमचं. झाले १,६५०. वर ५ टक्के जीएसटी ८२.५०. एका माशाचे १,७३२.५०. (आकडे समजण्यापुरते, दर तिथेच विचारा.)

वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे आधी विचारा. दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हीत लबाडी नाही, पण दराची तुलना करताना फरक पडतो. पोट, कल्ले, पर काढले की अख्ख्या माशाचं दहा-पंधरा टक्के वजन जातं. डोकं आणि काटा ताटातच राहतो तो वेगळा.

म्हणून मेनूतला दर सोडा, तोंडात जाणाऱ्या मांसाचा दर काढा. पापलेटात खाण्याजोगं साधारण ६० टक्के. ३०० चा दर प्रत्यक्षात ५०० ला पडला. सुरमईच्या कापांत मधला काटा आणि कातडं सोडलं तर ८५ टक्के मांस, म्हणजे २५० चा दर २९५ च्या आसपास. सोललेली, डोकं काढलेली कोळंबी मूळ वजनाच्या निम्मी भरते. खेकड्यात मांस पाव ते तिसरा हिस्सा. शेवंडीत, म्हणजे लॉबस्टरमध्ये, तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं वर. १०० ग्रॅमला ५०० लावलेली शेवंड मांसाच्या हिशेबात १,४०० च्या घरात जाते. हौस म्हणून खायला माझी हरकत नाही, पण ११ माणसांचं पोट त्यावर भरायला जाऊ नका.

दर्यावर्दी
वरचा हिशेब बरोबर. आता मासा.

बसल्या बसल्या मेनू हातात घेऊ नका. आधी विचारा, 'आज काय उतरलंय? ट्रे दाखवा.' भारीच्या हॉटेलात ट्रे टेबलापाशी आणतात किंवा काउंटरवर बर्फात मांडलेला असतो. ट्रे दाखवायला कां-कूं करत असतील तर तिथे अख्खा मासा मागवू नका, थाळी खा आणि उठा.

मालवणात बंदरावर लिलाव सकाळीही होतो, संध्याकाळीही. किनाऱ्यावर रापण (मोठं ओढायचं जाळं) ओढतात त्यातही बारीक मासळी बरीच येते. त्यामुळे रात्री साडेआठला समोर येणारा मासा त्याच दिवसाचा असू शकतो. मात्र वारा सुटला किंवा हवामान खात्याचा इशारा आला की होड्या दोन-दोन दिवस बाहेर पडत नाहीत. तेव्हा ट्रेमध्ये पापलेट-सुरमईची रास दिसली तर ती शीतगृहातली आहे असंच धरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्या दिवसांत तर बहुतेक मोठा मासा साठवणीतलाच. डिसेंबरात ती भानगड नाही.

ताजेपणा पाहताना: डोळा फुगीर आणि काचेसारखा साफ हवा. आत गेलेला, दुधाळ झालेला नको. कल्ला उचलून दाखवायला सांगा. आत लाल हवं, तपकिरी किंवा करडं नको. बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून यावा. वास समुद्राचा यावा, आंबूस नको. मोरीचं, म्हणजे मुशीचं, मात्र वेगळं आहे. तिच्या अंगातल्या युरियाचा शिळेपणी अमोनिया होतो, त्यामुळे नाकाला झोंबणारा वास आला की ती सोडायची. सुरमईचे काप मांडलेले असतील तर डोळा-कल्ला दिसणार नाही. मग काप बघा: मांस काट्याला घट्ट चिकटलेलं, थरांत भेग नाही, कडा पिवळट नाहीत. कापांच्या तळाशी पाणी साचलं असेल तर तो गोठवून सोडवलेला माल.

शेवभाजी_फॅन
एक सरळ प्रश्न. बाजारपेठेतल्या साध्या खानावळीत मासा जास्त ताजा मिळतो असं सगळेच सांगतात. दिवसाला शंभर थाळ्या उठतात, माल रात्रीपर्यंत उरतच नाही. मग पांढऱ्या टेबलक्लॉथचे पैसे कशाला?

दर्यावर्दी
@शेवभाजी_फॅन, माशाची कढी (रस्सा) आणि तळलेल्या मासळीपुरतं तुमचं म्हणणं मान्य. बांगड्याचं तिखलं, पेडवे, मुडदुशी, मोरीचं मटण, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं हे खानावळीतच खावं. महाग हॉटेलात हे पदार्थ पर्यटकांसाठी सौम्य करतात, त्यात क्रीमही पडतं कधीकधी, आणि चव जाते.

पण तीन कामं खानावळ करत नाही. अख्खा मोठा मासा निवडून, तोलून, निखाऱ्यावर किंवा तंदूरमध्ये भाजून देणं. जिवंत खेकडा किंवा शेवंड समोर दाखवून, कवच फोडून, बरोबर शिजवून देणं. आणि एकाच माशाचे दोन पदार्थ करणं: अर्धा ग्रिल, डोकं-शेपटीची कढी. पैसे मोजायचे ते या तिन्हींसाठी. तिथे जाऊन रवा फ्राय सुरमईची थाळी मागवली तर तुमचंच म्हणणं खरं ठरतं.

बोरीकाठ
तिखटाविषयी. भो, आपल्याकडे मसाल्याचा मेळ वेगळा शे. आपण कांदा-सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजतो, काळा मसाला घालतो, वर तेलाची तर्री. रोहू-कटल्याला ते चालतं, कारण गोड्या पाण्यातल्या माशाला थोडा चिखलट वास असतो, तो दबावा लागतो. समुद्राच्या माशाला दाबायचं काही नसतं. म्हणून मालवणी माशाच्या कढीत ओलं खोबरं कच्चंच वाटतात, सोबत धणे, मिरची, हळद, आंबटाला कोकम. आपल्या जिभेला ती पहिल्या घासाला गोडूस लागते. 'फीकी शे' म्हणून वेटरला तिखट वाढवायला सांगू नका. ऐनवेळी वरून लाल तिखट टाकतात, ते कच्चं लागतं आणि कढी फुटते.

त्यापेक्षा पदार्थ बदला. मालवणी खेकड्याचा रस्सा आणि तिसऱ्यांचं सुकं यांत भाजलेलं वाटण असतं, ते आपल्या तोंडाला लगेच ओळखीचं वाटेल. कमी खोबऱ्याचं, आंबट-तिखट हवं असेल तर तिखलं. बांगड्यात तिरफळ असेल तर ते चावू नका, जीभ बधिर होते. ते वासापुरतं असतं, काढून बाजूला ठेवायचं. मेनूवर रेशाद दिसलं तर ती गोव्याची लाल, व्हिनेगरवाली चटणी, भरलेल्या बांगड्यात छान लागते.

आणि ठेच्याचा डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवू नये. खानावळीत चालतं, तिथे नाही 😀

खमंग
मासा बिघडतो तो बहुतेक वेळा शिजवण्यात, म्हणून ऑर्डर देताना पद्धतही नेमकी सांगा.

अख्खा ५०० ग्रॅमचा मासा ग्रिल व्हायला २० ते २५ मिनिटं लागतात. दहा मिनिटांत आला तर तो आधी अर्धा शिजवून ठेवलेला होता. दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-चार चिरा पाडलेल्या असाव्यात, नाहीतर मसाला वरच राहतो आणि कडेचं मांस सुकून मध्ये कच्चं उरतं. आलं की पाठीच्या काट्यापाशी चमचा घाला. मांस पांढरं, अपारदर्शक आणि काट्यापासून सुटणारं हवं. काट्यालगत काचेसारखं, गुलाबी दिसलं तर परत पाठवा, लाजू नका.

पापलेट तंदूरला लावू नये असं माझं मत. पातळ मासा, तंदूरच्या झळीत कोरडा होतो. तव्यावर किंवा केळीच्या पानात चांगला. तंदूर-ग्रिलला जाड मासा हवा: रावस, तांबोशी, चोणक मिळाला तर चोणक (रायगडकडे ह्यालाच जिताडा म्हणतात).

लिंबू किंवा व्हिनेगर लावून मासा तास-दोन तास ठेवला की आंबटाने वरचं मांस आधीच घट्ट होतं आणि भाजल्यावर भुसभुशीत लागतं. 'मॅरिनेट केलेला तयार आहे, लगेच येईल' असं सांगितलं तर नम्रपणे नको म्हणा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

रवा फ्रायमध्ये रवा सुटून ताटात पडला तर एकतर मासा पुसून कोरडा केला नव्हता, नाहीतर तेल तापलं नव्हतं. खाली तेलाचं तळं दिसलं की दुसरं कारण. बोटभर जाडीच्या सुरमईच्या कापाला मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं बास.

कोळंबी इंग्रजी 'सी' सारखी वळली की झाली, 'ओ' सारखी गुंडाळली की जास्त झाली. पाठीचा काळा दोरा काढलेला असावा, नसेल तर दाताखाली कचकच येते. माकुलाला (स्क्विडला) एक-दोन मिनिटं कडक आच किंवा मंद आचेवर पाऊण तास. मधल्या वेळात काढलं तर रबर. महाग हॉटेलातही माकूल चिवट येतं ते गर्दीच्या रात्री, कारण तवा भरलेला असतो, आच उतरते आणि ते तळण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजत बसतं. गर्दीत माकूल टाळा.

तापीकाठ
फारच कामाचं. दोन शंका. मुलं ६, ९ आणि १२ वर्षांची, काट्यांचं काय? आणि माळकरी दोघींसाठी तिथे नेमकं काय मिळतं?

दर्यावर्दी
मुलांचं सोपं आहे. आपल्या रोहू-कटल्यात पाठीच्या मांसात 'वाय' आकाराचे सुटे बारीक काटे असतात, म्हणून खान्देशातली पोरं मासा बघून बिचकतात. पापलेट, सुरमई, रावस, तांबोशी यांत तसले काटे नसतात. सुरमईच्या कापात मध्ये गोल मणका आणि पोटाकडच्या बाजूला दोन-चार फासळ्या, बस. सहा वर्षांच्याला पाठीकडचा भाग द्या. पापलेटाचं मांस मधल्या काट्यावरून वरच्या बाजूला एक, खालच्या बाजूला एक असं अख्खं सुटतं, फक्त कडेच्या परांलगतची बारीक झालर काढून टाकायची. पेडवे-तारली, मांदेली मुलांना नकोत, त्यांत केसांसारखे काटे आहेत.

मेनूवर नुसतं 'फिश फिंगर' किंवा 'फिश फिले' लिहिलं असेल आणि जात सांगितली नसेल तर बहुतेक वेळा तो बासा असतो, म्हणजे गोड्या पाण्यातला पंगॅसियस. तो पिंजऱ्यात वाढवलेला आपल्या धरणांतही मिळतो. मुलं आवडीने खातात, काही वाईट नाही, पण त्यासाठी मालवणात एवढे पैसे देण्यात अर्थ नाही.

कळण्याची_भाकरी
माळकरी बायकांसाठी हे आधीच फोन करून विचारा: वेगळा तवा आणि वेगळं तेल आहे का. 'व्हेज मिळतं' हे उत्तर पुरेसं नाही. बटाट्याची कापं, वांग्याची कापं मागवली आणि ती सुरमईच्याच तेलात तळली तर उपयोग काय? तळलेलं टाळायचं आणि शिजवलेलं घ्यायचं हा सुरक्षित मार्ग. काळ्या वाटाण्याची उसळ (सांबारं म्हणतात तिकडे), डाळ, घावणे, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. सोलकढी कोकम आणि नारळाच्या दुधाची असते, शाकाहारीच. कोरडी चटणी-कोशिंबीर मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. किसमूर नावाने जे येतं त्यात सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) असते आणि बघून ओळखू येत नाही.

टेबल मागताना एका टोकाला दोघींना बसवा. खेकड्याची फोडाफोडी शेजारी नको.

हिशेबनीस
आता बिल.

वजनकाटा टेबलाशी किंवा काउंटरवर असतो. रिकामा ट्रे ठेवून काट्यावर शून्य करायला सांगा, मग मासा. बर्फासकट, पाणी निथळत्या माशाचं वजन घेतलं तर ५०-१०० ग्रॅम सहज वाढतात. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का असतो, तो चालू वर्षाचा आहे का यावरही नजर टाका. वजन आणि दर वेटरने ऑर्डरच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये लिहावा, आणि त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्या. भांडणासाठी नाही, बिल तपासताना आठवणीवर अवलंबून राहू नये म्हणून.

जीएसटी: साध्या हॉटेलाला ५ टक्के. ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागू शकतो. रिसॉर्टमध्ये जेवत असाल तर आधी विचारा, पंधरा हजारांच्या बिलावर हा फरक जवळपास दोन हजारांचा आहे. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलेलं असेल तर ते हॉटेल ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, ते बिल वेगळं येतं.

सर्व्हिस चार्ज: सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. काढायला सांगितलं की काढावा लागतो. नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. सेवा आवडली तर टिप स्वतःच्या हाताने द्या. पाण्याच्या बाटलीचा वाद मात्र घालू नका. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच म्हटलंय.

शेवभाजी_फॅन
बरं, पटलं. पण शेवंड खायचीच असेल तर? आणि खेकडा मोठा घ्यावा की लहान दोन?

दर्यावर्दी
शेवंड घ्यायचीच तर एकच घ्या, सगळ्यांनी चवीपुरती. जिवंत बघून. उचलल्यावर शेपटी जोरात आत मारते ती ताजी, लोंबती शेपटी म्हणजे मेलेली किंवा मरणाला टेकलेली. मेल्यावर मांस झपाट्याने मऊ पडतं आणि शिजल्यावर पिठूळ लागतं. ६०० ते ७०० ग्रॅमची बरी. फार मोठीचं मांस जाड धाग्याचं. पोटाखाली अंडी असलेली मादी नको म्हणा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शेवंडीची मासेमारी अतिउपशाने पार खाली आली आहे. बटर गार्लिक सोडून दुसरं काही करू नका, मसाल्यात तिची गोडी हरवते. वाफेवर आठ-दहा मिनिटांच्या वर गेली की चिवट.

खेकड्याचं खरं कसब निवडण्यात. आकार नको बघू, वजन बघ. दोन सारख्या आकाराचे हातात घे, जड तो भरलेला. पोटाकडची बाजू अंगठ्याने दाब: दबली तर तो नुकता कात टाकलेला, आत पाणीच पाणी. कोळी लोक अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ म्हणतात. मी तिथी बघत नाही, अंगठ्याने दाबून बघतो. नराच्या पोटावरचा पट्टा अरुंद, त्रिकोणी. मादीचा रुंद, गोल. नांग्यांत मांस हवं तर नर, लाल गाबोळी (अंडी) हवी तर मादी. ४०० ते ५०० ग्रॅमचे दोन, एका ८०० पेक्षा बरे. मोठ्याचं कवच जाड, वजनाचे पैसे त्यातच जातात. मेलेला खेकडा कोणत्याही दराने नको.

खमंग
त्यात एक भर. खेकडा रश्शात घालण्याआधी नांग्या ठेचायला सांगा, नाहीतर मसाला आत जातच नाही. आणि सांडशी-काटा आधी मागून ठेवा, गर्दीत नंतर येत नाही.

तिसऱ्या आल्या की एखादं शिंपलं न उघडलेलं दिसेल. ते जबरदस्तीने उघडू नका, टाकून द्या. पहिल्याच घासाला वाळू लागली तर ताट परत. मिठाच्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवल्या नाहीत हे उघड आहे. कालवं (ऑयस्टर) कच्ची कुणी 'युरोपियन स्टाइल' म्हणून दिली तर नको. ती पाणी गाळून खाणारी जात, पाण्यातले जंतू तिच्या अंगात साठतात.

डॉक्टरकी
आजाराचं थोडक्यात. ज्यांनी कोळंबी-खेकडा आजवर खाल्लाच नाही (मुलं धरून), त्यांनी पहिल्यांदा अगदी थोडं खाऊन अर्धा तास थांबावं. अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, घशात आवळल्यासारखं किंवा दम लागणं, यातलं काही झालं तर ती ॲलर्जी. दम लागला तर हॉटेलात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

दुसरी गोष्ट ॲलर्जीसारखीच दिसते पण नसते. बांगडा, सुरमई, टुना हे पकडल्यावर थंड ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळूनही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, डोकं ठणकणं, धडधड. पहिल्या घासाला जिभेवर मिरीसारखी चुरचुर आली आणि ती मसाल्याची वाटत नसेल तर तो मासा तिथेच थांबवा.

सोबत कुणी गरोदर असेल तर मोरी आणि फार मोठी सुरमई टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा, पेडवे, कोळंबी चालतील.

दर्यावर्दी
आता तापीकाठसाठी मांडणी करून देतो. मासे खाणारे ६ मोठे, ३ मुलं. एका मोठ्या माणसाला हाडासकट ३०० ते ३५० ग्रॅम मासळी भातासोबत भरपूर होते, मुलांना निम्मी. म्हणजे झाले सव्वादोन ते अडीच किलोच्या थोडं वर. खेकड्याच्या कवचाचं वजन धरूनही एकूण तीन किलो कच्च्या मालाच्या वर जायचं नाही.

एक तांबोशी किंवा रावस, सव्वा किलोच्या आसपास: धड ग्रिल, डोकं-शेपटीची कढी. हे जेवणाचं मुख्य. सरंगा दिसला तर तो पापलेट की हलवा (काळं पापलेट) हे बघून घ्या, एकच नाव दोन्हींना लावतात आणि दर वेगळे. मुलांसाठी सुरमईचे ३ काप, साधे तवा फ्राय, मसाला कमी. खेकडे ४५० चे दोन, रस्सा. कोळंबी अर्धा किलो, सुकी किंवा बटर गार्लिक. मोजकी मोठी घेण्यापेक्षा मध्यम घ्या. मोठी म्हणून मिळणारी बहुधा तळ्यात वाढवलेली वनामी जातीची असते, आणि मध्यम समुद्री कोळंबीला चव जास्त. शेवंडीची हौस असेल तर खेकड्याऐवजी, दोन्ही नको. तळलेलं आधी, मग कोळंबी, मग ग्रिल आणि कढी-भात, असं क्रमाने आणायला सांगा. एकदम सगळं आलं की ग्रिल गार होतं आणि गार ग्रिल मासा म्हणजे पैसे पाण्यात.

संध्याकाळी सातलाच टेबल घ्या. नाताळ ते १ जानेवारी साडेआठनंतर स्वयंपाकघर तुंबलेलं असतं, चुका तेव्हाच होतात. आदल्या दिवशी फोन करून 'सव्वा किलोचा तांबोशी किंवा रावस ठेवा' सांगितलं तर लिलावातून घेऊन ठेवतात. मात्र आगाऊ पैसे देण्याआधी 'तोलून दाखवणार ना' हे ठरवून घ्या.

जमलं तर बुधवार-शुक्रवार-रविवार सोडून जा. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र मासे खातो आणि भाव चढतो.

बोरीकाठ
सोलकढी शेवटी प्या, आधी नाही. आधी प्यायली की पोट भरतं. आणि मधेच पनीर टिक्का कुणी मागवला तर त्याच्याकडून वर्गणी जास्त घ्या.

तापीकाठ
बठ्ठं टिपून घेतलं. रावस नाहीतर तांबोशी, दोन खेकडे, सुरमई पोरांना, शेवंड रद्द. शेवटचं एक: परतताना सुकी मासळी आणायची आहे. परत मंगला एक्सप्रेसने येणार आहोत. आपल्या आठवडे बाजारात मिळते त्यापेक्षा तिकडची खरंच बरी असते का, आणि गाडीत वास?

दर्यावर्दी
बरी असते, पण निवडून घेतली तर. बोंबील-जवळा आपल्याकडेही मिळतो, त्यासाठी ओझं नको. तिकडून सोडे आणा, म्हणजे सोललेली सुकवलेली कोळंबी. महाग वाटतील, पण कवच-डोकं नसल्याने सगळं वजन खाण्याचं आहे. चांगला सोडा नारिंगी-गुलाबी, वाकवला की मोडतो. वाकला पण मोडला नाही तर ओल आहे, वजनाला पाणी विकताहेत आणि घरी आठ दिवसांत बुरशी धरेल. वर पांढरी मिठाची पूड दिसली तर जास्त मीठ मारलेलं. रंग फारच भडक असेल तर ओल्या बोटाने चोळून बघा, बोटाला रंग लागला तर ठेवून द्या. वासासाठी दोन प्लास्टिक पिशव्या, त्यावर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आणि डबा बर्थखाली. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन द्या आणि मग फ्रीजमध्ये ठेवा. वांग्यात घाला, भरिताच्या वांग्यात नको, काटेरी लहान वांग्यात.